बालवाडीच्या मुलांकडून कागदाच्या लगद्याच्या कोणत्या सोप्या वस्तू करून घेता येतील?

मुलं तीन ते पाच वर्षांची आहेत आणि सुरुवात कशानं करावी, असं तुम्ही विचारलं आहे. मी या वयाच्या मुलांबरोबर हे काम करते. माझा आग्रह एवढाच, की सुरुवातीला लगदा नकोच. तो चिवडायला मुलांना फार आवडतो, पण थर जाड बसतो, आतून वाळायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर मुलांचा रस संपतो. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या आणि खळ घ्या.

पट्ट्या मुलांनाच फाडू द्या. कात्री नको, कारण फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि शेजारच्या पट्टीत छान मिसळून जातात. कापलेली कड उठून दिसते. वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. हे मुलं स्वतःच शोधून काढतात, तेव्हा घाईनं सांगून टाकू नका. गुळगुळीत, चकचकीत कागद खळ पीत नाही, तो वगळा.

खळ मोठ्यांनीच शिजवायची. 1 वाटी मैदा 1 वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, 4 वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवा. चमचाभर मीठ घातलं तर बुरशी लवकर धरत नाही. पूर्ण निवल्यावरच मुलांना द्या. भिंतीचा कागद चिकटवायची तयार पेस्ट वापरू नका, तिच्यात बरेचदा बुरशीनाशक असतं आणि या वयात बोटं तोंडात जातातच. कुणाला गव्हाची ॲलर्जी नाही ना, हेही आधी विचारून घ्या.

पहिली वस्तू वाडगा. प्लास्टिकचा वाडगा पालथा घालून त्याला व्हॅसलीन चोळा. पहिला थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, असे आलटून पालटून चार थर द्या. कुठे राहिलंय ते मुलांना आपोआप दिसतं, सारखं सांगत बसावं लागत नाही. एका दिवशी दोनच थर, मग निदान एक दिवस वाळवण. मुलं दहा-पंधरा मिनिटं मन लावून बसतात, त्यामुळे हे तुकडे त्यांना सोयीचेच पडतात.

हाच वाडगा पालथा ठेवून पुठ्ठ्याचे पाय आणि डोकं चिकटवलं की कासव तयार. त्यानंतर कागदाचा घट्ट बोळा करा, चिकटपट्टीनं बांधा आणि त्यावर पट्ट्या लावा: मासा, पक्षी, काहीही. एखादीनं माशाला पाय हवेत असं ठरवलं तर पाय लावू द्या, मागाहून हळूच काढूही नका. मुलांनी केलेली वस्तू मोठ्यांनी ‘नीट’ केली की ती त्यांची उरत नाही, आणि हे त्यांना लगेच कळतं.

फुग्यावरची कामं पुष्कळ जण सुचवतील. या वयात मी ती करत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकला तर जीव गुदमरू शकतो.

काही मुलांना चिकट हात अजिबात सहन होत नाहीत. त्यांना ब्रश द्या, किंवा पट्ट्या पुरवायचं काम द्या. जबरदस्ती नको, बरीचशी मुलं इतरांचं बघून नंतर आपणहून हात घालतात.

रंगवण्याआधी वस्तूला हात लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, अजून थांबा. शेवटचा थर पांढऱ्या कागदाचा असेल तर पोस्टर रंग उजळ दिसतात.