बेसबॉलचे कॉलेज कोच मुलामध्ये नेमकं काय बघतात? एडिसनच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं कुटुंब, मुलगा सोफोमोर म्हणजे दहावीत, महिनाभरात वर्ष संपेल. हायस्कूलच्या व्हर्सिटी म्हणजे मुख्य टीममध्ये सेकंड बेस खेळतो, अधूनमधून शॉर्टस्टॉप (दोन्ही मैदानाच्या मधल्या फील्डिंगच्या जागा), उंची 5 फूट 8 इंच, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .412 म्हणजे हजारात 412 वेळा हिट, आणि अभ्यासात हुशार. बाबा मूळचे ठाण्याचे, कॉलेजात असताना क्रिकेट खेळलेले. त्यांनी डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या चाळीसेक कोचेसना एक्सेल शीट जोडून ईमेल पाठवले, दोन ठिकाणाहून कॅम्पची जाहिरात आली आणि बाकी सगळीकडे शांतता. मुलगा आता म्हणतो मी कुणालाच नकोय, आणि मुलांची नावं कॉलेज कोचेसपर्यंत पोचवणारी एक रिक्रूटिंग सर्व्हिस चार हजार डॉलर मागतेय. तुम्ही विचारलंय की हे कोच नेमकं काय बघतात आणि आमचं कुठे चुकलं.

आधी ती शांतता, कारण पोराने ती मनाला लावून घेतलीये. डिव्हिजन वनच्या बेसबॉल कोचेसना ज्युनिअर इयर म्हणजे अकरावी सुरू होण्याआधीच्या 1 ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगबद्दल बोलायलाच परवानगी नाही, 2023 पासून हा नियम आहे. त्याआधी ते कॅम्पची माहिती किंवा एखादा फॉर्म पाठवू शकतात, बस. म्हणजे तुमच्या चाळीस ईमेलांना उत्तर आलं नाही यावरून पोराच्या खेळाबद्दल काहीच कळत नाही, हे त्याला आजच सांगा, शेजारी बसवून सांगा. आणि ज्या दोन ठिकाणाहून "यू आर इन्व्हाइटेड" आलं ना, तसं पत्र शेकडो मुलांना जातं. खरा इंटरेस्ट असला की पत्रात काहीतरी त्याचंच असतं, म्हणजे अमुक मॅचमध्ये तू डाव्या बाजूला घेतलेला तो ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) आम्ही बघितला, पुढचं शेड्यूल पाठव, असं काहीतरी.

आता .412. आपल्याकडे धावा बोलतात. 1988 ला हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीने 664 ची पार्टनरशिप केली आणि ती दोन नावं सगळ्यांच्या तोंडी झाली, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय की आकडा मोठा असला की बोलावणं येतंच. बाबांची एक्सेल शीट तिथूनच आलीये, आणि त्यामागची माया मला कळते. पण हायस्कूलची अ‍ॅव्हरेज कुठल्या पिचरसमोर झाली हे कोचला माहीत नसतं. समोरचा मुलगा ताशी 72 माइल्सने टाकत असेल तर 60 फूट 6 इंचावरून निघालेला बॉल बघायला बॅटरला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त मिळतो, तोच 88 ने आला की 0.45 सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि बॅट आणायची. कोचच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, ही बॅट 88 ला वेळेवर पोचेल का, आणि त्याचं उत्तर .412 मध्ये नाहीये.

म्हणून ते अशा गोष्टी बघतात ज्या समोर कोणीही असलं तरी बदलत नाहीत. 60 यार्ड किती सेकंदात धावतो, इनफिल्डमधून फर्स्टला थ्रो किती वेगाने जातो, बॅटला लागून बॉल किती वेगाने सुटतो म्हणजे एक्झिट व्हेलो. ढोबळमानाने सांगते, मिडल इनफिल्डरचा 60 यार्ड 6.9 च्या आत, थ्रो ऐंशीच्या बराच वर आणि एक्झिट व्हेलो 90 च्या पुढे असला की डिव्हिजन वनचे कोच वही उघडतात. 7.2, 78 आणि 85 असं काही असेल तर डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच चांगल्या टीम्स बोलायला तयार होतात. पिचर असता तर रडार गन, कॅचर असता तर सेकंड बेसला थ्रो पोचायला 2 सेकंद लागतात की जास्त, असं प्रत्येक पोझिशनचं वेगळं. तुमच्या पत्रात यातला एकही आकडा नाहीये ताई, पहिलं चुकलं ते इथे. आधी हे मोजून घ्या. स्टॉपवॉच आणि मोकळं मैदान असलं की 60 यार्ड तर रविवारी सकाळीसुद्धा होतं, म्हणजे साधारण 55 मीटर. बाकीचं एखाद्या शोकेसमध्ये, म्हणजे मुलं कोचेससमोर खेळून दाखवतात त्या कार्यक्रमात, मोजून मिळतं आणि प्रोफाइलवर चढतं, वर्षातून एक शोकेस पुरे, पाच नकोत.

उंचीची काळजी तुम्ही दोन ओळींत तीनदा लिहिलीये. होजे आल्टुवे 5 फूट 6 इंचाचा आहे, सेकंड बेसच खेळून 2017 ला अमेरिकन लीगचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. पण खरं बोलायचं तर कोच उंच मुलाला थोडं माफ करतात, पुढे भरेल, ताकद येईल म्हणून, आणि बुटक्या मुलाला आजच काहीतरी करून दाखवावं लागतं. त्याच्या बाबतीत ते पाय आणि हात असणार. शॉर्टस्टॉप जास्त खेळायला मिळत असेल तर नक्की खेळू द्या, कोच शॉर्टस्टॉप खूप घेतात कारण तो मुलगा नंतर सेकंड, थर्ड, आउटफिल्ड कुठेही बसतो. आणि बाबांना सांगा की त्यांचं क्रिकेट वाया गेलेलं नाही, जो माणूस लहानपणी ग्लोव्हशिवाय कॅच घ्यायला शिकला तो मुलाला सॉफ्ट हँड्स म्हणजे बॉल अलगद घेणं शिकवू शकतो. संध्याकाळी अंगणात टेनिस बॉल घेऊन उघड्या हाताने ग्राउंडर, अर्धा तास.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एका विद्यार्थ्याची टुर्नामेंट बघायला गेले होते आणि एका छोट्या कॉलेजच्या असिस्टंट कोचच्या शेजारीच बसले होते. मॅच सुरू व्हायला वीस मिनिटं होती तरी तो आलेला, इनफिल्ड प्रॅक्टिस बघत होता, कोणाचे पाय बॉलच्या आधी हलतात ते. मग मॅचमध्ये एका मुलाने सेकंडला साधा ग्राउंडर मारला, शंभरात नव्व्याण्णव वेळा आउट, पण पोरगा असा धावला की फर्स्ट बेस ओलांडून पाच पावलं पुढे गेला. कोचने अंगठ्याने स्टॉपवॉच दाबलं, 4.3 सेकंद, वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. दुसरा एक मुलगा, सगळ्यात लांब मारणारा, स्ट्राइकआउट झाल्यावर हेल्मेट डगआउटमध्ये भिरकावून बसला आणि पुढच्या इनिंगला मैदानात चालत गेला, बाकीचे धावत. त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही. मॅच संपल्यावर त्याची आई त्याची किट बॅग ओढत पार्किंगकडे निघाली होती आणि तो फोन बघत मागे. कोच तेही बघत होता. मी विचारलं तर म्हणाला की आमच्याकडे चार वर्षं बस, हॉटेल, हरलेल्या मॅचेस सगळं एकत्र असतं, स्विंग मी दुरुस्त करू शकतो, हे नाही.

तेव्हा बॅग त्याची त्याने उचलायची. बाबांनी बॅकस्टॉपमागून म्हणजे बॅटरमागच्या जाळीमागून सूचना द्यायच्या नाहीत, "एल्बो, एल्बो" असं ओरडायचं नाही, कोच तेही ऐकतात.

आता पैशाचं बोलते, कारण चाळीसच्या चाळीस ईमेल डिव्हिजन वनला गेलेत आणि त्यामागे फुल स्कॉलरशिपचं स्वप्न दिसतंय. बेसबॉलमध्ये ती पहिल्यापासून दुर्मिळ. वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या टीमकडे 11.7 स्कॉलरशिप असायच्या आणि त्या तुकडे करून 27 मुलांत वाटल्या जायच्या. 2025-26 पासून कोर्टातली नवीन सेटलमेंट म्हणजे तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना ही मर्यादा नाही, पण टीम जास्तीत जास्त 34 मुलांची. शिवाय ट्रान्सफर पोर्टल आहेच, म्हणजे कोचला 17 वर्षांचा पोरगा घेऊन तीन वर्षं वाट बघण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून आलेला 21 वर्षांचा तयार खेळाडू घेणं सोपं पडतं. हायस्कूलमधून थेट जाणाऱ्या मुलांचं दार त्यामुळे अरुंद झालंय, हे मला स्वतःला आवडत नाही पण तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. डिव्हिजन टूला 9 स्कॉलरशिप, त्याही वाटूनच. ज्युनिअर कॉलेजचा, म्हणजे इथल्या हायस्कूलनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजचा, रस्ता चांगला आहे, बरेच जण तिथून पुढे जातात, पण त्याच्या ग्रेड्स बघता मी तो आधी सुचवणार नाही.

मी सुचवेन डिव्हिजन थ्री, आणि प्लीज नाक मुरडू नका. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, पण मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते आणि ती कित्येकदा दुसरीकडच्या बेसबॉलच्या तुकड्यापेक्षा मोठी निघते. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमोरी, सगळ्यांच्या बेसबॉल टीम डिव्हिजन थ्रीत आहेत. तुमच्या घराजवळ होबोकनला स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट आहे, यूइंगला टीसीएनजे आहे, ग्लासबरोला रोवन आहे. अशा बऱ्याच ठिकाणी कोच ज्युनिअर इयरनंतरच्या उन्हाळ्यात मुलाची मार्कशीट अ‍ॅडमिशन ऑफिसकडे नेऊन प्री-रीड करून घेतात, म्हणजे याला प्रवेश मिळण्यासारखा आहे का ते आधीच विचारून ठेवतात. मार्क कमी असले तर कोचला कितीही आवडला तरी हात बांधलेले. तुमच्या मुलाची केमिस्ट्रीची ए ग्रेड इथे त्याच्या .412 पेक्षा जड आहे, आणि डिव्हिजन थ्रीच्या कोचला 1 ऑगस्टची वाट बघावी लागत नाही, तो उद्याही उत्तर देऊ शकतो. डिव्हिजन वनचं दार उघडं ठेवायचं असेल तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेचे 16 कोअर कोर्सेस म्हणजे ठरलेले मुख्य विषय होतायत ना हे शाळेच्या काउन्सेलरकडून तपासून घ्या, त्यातले 10 सीनिअर इयर म्हणजे बारावी सुरू व्हायच्या आत व्हावे लागतात. 2.3 जीपीएची म्हणजे सरासरी ग्रेडची अट त्याला अडणार नाही.

चार हजार डॉलर देऊ नका. ती सर्व्हिस जे करेल ते म्हणजे ईमेल पाठवणं, आणि कोचला ते कोणी पाठवले ते पहिल्या ओळीत कळतं. बाबांनी लिहिलेलंही कळतं, "माय सन इज अ हार्डवर्किंग बॉय" असं 16 वर्षांचं पोर लिहीत नाही. त्याला लिहू दे. पाच-सहा ओळी पुरे. नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, मोजलेले आकडे, जीपीए, उन्हाळ्यातल्या टीमचं शेड्यूल, आणि हेच कॉलेज का याचं एक खरं वाक्य. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ, फोनवर काढलेला चालतो, गाणं नको, स्लो मोशन नको, होम रनचं सेलिब्रेशन नको. समोरून आठ-दहा ग्राउंडर आणि फर्स्टला थ्रो, मग बाजूने आणि मागून स्विंग. कोच पहिल्या वीस सेकंदात पुढे बघायचं की नाही ठरवतात, म्हणून ग्राउंडर आधी.

आणि हे सगळं जूनच्या आत, कारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत कोच स्वतःच्या सीझनमध्ये अडकलेले असतात, मुलं बघायला ते बाहेर पडतात ते मुख्यतः उन्हाळ्यात, ट्रॅव्हल बॉलच्या म्हणजे शाळेबाहेरच्या टीम्सच्या टुर्नामेंट्सना. हायस्कूलच्या मॅचला कोणी आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा त्यांचीच मॅच असते.

बाबांसाठी एक काम ठेवलंय, त्यांना लांब ठेवलं तर ते दुखावतील. पंधरा कॉलेजांची यादी त्यांनी करावी, पण प्रत्येकाच्या वेबसाइटवर जाऊन रॉस्टर म्हणजे खेळाडूंची यादी उघडून, सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपवर कोण आहे, तो कितव्या वर्षात आहे, आणि तुमचा मुलगा पोचेल तेव्हा कुठली जागा रिकामी होणार हे त्या एक्सेल शीटमध्ये भरावं. शीट वाया जायला नको, ती चांगली केलीये त्यांनी. ईमेल मात्र मुलाने स्वतः लिहिला की पाठवायच्या आधी एकदा मला दाखवू दे, मी फक्त स्पेलिंग बघेन, शब्द त्याचेच राहू देत.