बाळ होऊन चार महिने झाले, आता कोणत्या तोंडाने बोलू?

समुपदेशनात एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सारखा ऐकू येतो. नात्यात कुणाला बाळ झालं, त्या वेळी काही कारणाने बोलणं राहून गेलं. आठवडा गेला, महिना गेला आणि आता फोन करायला मन धजत नाही. याचीच दुसरी बाजू घेऊन नवे आईबाबाही येतात. "आमच्याकडे बाळ आलं आणि सख्ख्या माणसांनी साधी विचारपूस केली नाही," असं त्यांचं म्हणणं असतं. दोन्हीकडे मनं दुखावलेली असतात, आणि आधी समोरच्याने बोलावं असं दोघांनाही वाटत असतं.

आजची गोष्ट गप्प राहिलेल्या बाजूची आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पस्तिशीची. झोप लागत नाही म्हणून आली होती. दुसऱ्या भेटीत बोलता बोलता म्हणाली, "दादाला मुलगी झाली. चार महिन्यांची झाली आता. मी अजून बघितली नाहीये तिला." थोडं थांबून म्हणाली, "दादाचा फोनही यायचा बंद झालाय."

बाळाचा पहिला फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, त्याच्या काही आठवडे आधी तिचा दुसऱ्यांदा गर्भपात झाला होता. नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गटावर अभिनंदनांची रांग लागली. तिनेही एक बदाम टाकला आणि फोन बंद करून ठेवला. उद्या नीट फोन करू, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी नंबर लावायला घेतला आणि रडू आवरेना. मग परवा, मग रविवारी, असं करत दिवस सरत गेले. पुढे आई फोनवर म्हणाली, "सख्खी आत्या ना तू? तुला काहीच वाटत नाही का गं?" त्यानंतर तिने तो विषयच टाळायला सुरुवात केली.

तिच्या मनात दोन वेगळी ओझी होती आणि ती एकमेकांत गुंतली होती. एक स्वतःच्या गमावलेल्या बाळांचं दुःख. त्याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. दुसरं ओझं गप्प बसल्याच्या शरमेचं. ते मात्र थकलेल्या कर्जावरच्या व्याजासारखं रोज वाढत होतं. पहिलं हलकं झाल्यावर दुसऱ्याचं बघू, असं ती म्हणत होती. मला ते उलट वाटलं. दुःख ओसरायची वाट न बघताही चार ओळींचं अभिनंदन करता येतं, आणि तेवढं केलं की निदान शरमेचं ओझं तरी उतरतं.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भपातात संपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात सुमारे दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे गोतावळा जरा मोठा असेल, तर बाळाच्या बातमीने ज्याच्या पोटात कालवाकालव होते असं कुणीतरी त्यात असण्याची शक्यता बरीच असते. गप्प राहिलेल्या माणसाला "तुला आनंद झाला नाही का" असं विचारण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

तर आम्ही निरोप लिहायला बसलो. तिचा पहिला मसुदा जवळजवळ पानभर होता. "वहिनी, खूप सॉरी, तू रागावली असशील, मी खरंच वाईट आत्या आहे, पण ऑफिसात इतकं काम होतं, मग माझी तब्येत, मग आई तसं बोलली..." असं बरंच काही. वाचून झाल्यावर मी विचारलं, "यात बाळ कुठे आहे?" तिने पुन्हा वाचलं. बाळाचा उल्लेखच नव्हता. मग विचारलं, "हे वाचून वहिनीला काय करावं लागेल?" ती म्हणाली, "माझी समजूत काढावी लागेल."

नेमकं तेच टाळायचं होतं. तान्हं बाळ सुरुवातीला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. चार महिन्यांनीही बऱ्याच घरांत आईची सलग झोप झालेली नसते. अशा बाईला आपला अपराधीपणा सांभाळायचं काम देऊ नये. उशीर झालाच असेल तर एका वाक्यात माफी मागावी आणि पुढे जावं. कारणांची यादी जितकी लांब, तितकी ती सारवासारव वाटते.

शेवटी उरलं ते असं. "वहिनी, दादा, लेकीच्या जन्माबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, माफ करा. वहिनी, तुझी तब्येत कशी आहे? सवडीने सांग, उत्तराची घाई नाही." 'लेकीच्या' या शब्दाआधी तिने बाळाचं नाव लिहिलं. चार महिन्यांत ते नाव तिने एकदाही टाइप केलं नव्हतं. "लवकरच भेटायला येते" अशी आणखी एक ओळ होती. मी विचारलं, "येणार आहेस?" ती म्हणाली, "नाही, इतक्यात नाही जमणार." मग ती ओळ काढली. जे जमणार नाही त्याचं वचन देऊ नये. नुसतं अभिनंदन पुरेसं असतं.

वहिनीचं उत्तर पहाटे तीनला आलं. "आता बरी आहे गं. टाके दुखायचे थांबलेत. झोपेचं विचारू नकोस." खाली बाळाचा एक फोटो. दादाने मात्र पुढचे बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. तोही दुखावला होता, आणि एका निरोपाने सगळं मिटेल अशी अपेक्षा धरणं बरोबर नव्हतं. गर्भपाताचं त्याला सांगायचं का, यावर आम्ही बरंच बोललो. माझं मत होतं की सांगावं, पण अभिनंदनाच्या निरोपात नाही. त्याची बातमी ही त्याची बातमी राहू द्यावी, आपलं दुःख वेगळ्या वेळी, वेगळ्या फोनवर सांगावं. तिने तसंच केलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला आमचं बघवत नाही." हे ऐकून ती दुखावली, पण फोन ठेवला नाही. तासभर बोलले दोघं.

वहिनीच्या त्या उत्तरात तब्येतीबद्दल होतं, कारण तिला ते विचारलं गेलं होतं. नातेवाइकांकडून सगळ्यात जास्त राहून जातं ते हेच. बाळाचं वजन किती, कुणावर गेलंय, रात्री जागतं का, हे दहा जण विचारतात. आईला कसं वाटतंय, हे फार थोडे. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत अनेक बायकांना उगाच रडू येतं, चिडचिड होते, आणि ते बहुतेकदा दोन आठवड्यांत निवळतं. त्याहून लांबलं, किंवा बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात सुमारे १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजाराला सामोरं जावं लागतं, आणि त्यात मुख्यतः नैराश्यच असतं. ते ओळखण्यासाठी १० प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली १९८७पासून वापरात आहे आणि डॉक्टर ती काही मिनिटांत भरून घेतात. नव्या बाबांनाही हे होतं, साधारण दहातल्या एकाला. त्यांना तर कुणी विचारतच नाही. "माझ्याशिवाय बाळ सुखी राहील" असं काही कानावर आलं, तर समजूत घालत बसू नये. तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. हे लांबून फोन करणाऱ्या आत्या-मावशीलाही ऐकू येऊ शकतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

गटावर बदाम टाकला म्हणजे दखल घेतली, असं मी मानत नाही. चाळीस बदामांत एक कुणाचा, हे आईबाबांच्या लक्षातही राहत नाही. त्यांना थेट दोन ओळी लिहाव्यात, दोघांनाही उद्देशून. भेटवस्तू नंतर द्या, नाही दिली तरी चालेल. द्यायचीच असेल तर काय हवं ते विचारून द्या. मुलगा की मुलगी हे कळल्यावर आपला आवाज बदलू देऊ नये, तो बदल आईला लगेच कळतो. "दूध पुरतंय ना?" हा प्रश्न काळजीपोटी असला तरी तिला परीक्षेसारखा लागतो. बाळ दत्तक आलं असेल तर तेच अभिनंदन, त्याच शब्दांत, आणि त्याच्या जन्मदात्यांची चौकशी नाही.

भेटायला जाण्याचं थोडक्यात सांगते. विचारून जावं, लवकर उठावं. हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये, आणि कुणी आपणहून हातात दिल्याशिवाय मागू नये. सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. बाळाचा पापा घेऊ नये. ओठांवर येणाऱ्या नागिणीसारख्या पुळ्यांचा विषाणू मोठ्यांना फारसा त्रास देत नाही, पण नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोससुद्धा साधारण सहा आठवड्यांनी मिळतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला तर ताबडतोब डॉक्टर गाठावे लागतात. आईबाबा पापा घेऊ देत नाहीत म्हणून रुसणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावं.

बाळ अतिदक्षता विभागात असलं की मात्र सगळं घर गप्प होतं. जगात दहातलं जवळजवळ एक बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मतं, आणि त्यातली बरीच बाळं काही दिवस काचेच्या पेटीत काढतात. "घरी आलं की अभिनंदन करू" म्हणून लोक थांबतात. एक आई मला म्हणाली होती, "माझ्या बाळाचा जन्म झालाय हे जणू कुणी धरतच नव्हतं." तेव्हाही अभिनंदन करावं, बाळाचं नाव विचारावं, आणि काळजी वाटत असेल तर तीही सांगावी. दोन्ही एकाच निरोपात चालतात.

आणि ज्या आईबाबांना कुणाच्या गप्प बसण्याचा सल आहे, त्यांच्यासाठी. इतक्यात तो माणूस तुम्हाला विसरला असं धरून चालू नका. एकदा तुम्हीच लिहा. "तुला बाळ दाखवायचंय. आत्ता जमत नसेल तरी चालेल, तुला वाटेल तेव्हा सांग." त्यानंतरही उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नका आणि घरातल्या इतरांकडून निरोपही धाडू नका. या घरात शेवटी वहिनीनेच असं लिहिलं होतं, आणि आत्या आपल्या भाचीला भेटायला गेली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, स्वतः तारीख कळवून.