पोट वर करून पोहणारा

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी फिशटँकमध्ये ठिपक्यांचा, मिशावाला आफ्रिकन मासा आणला. दिवसभर लाकडाखाली पोट वर करून पडलेला असतो. सासरे म्हणतात, ‘हा काही जगत नाही, गंगेत (म्हणजे आपल्या गोदावरीत) सोडून या.’ काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना थांबवा. मासा ठणठणीत दिसतोय, उलटं पोहणं ही त्याची रीतच. मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा मेला समजून जाळी घेऊन गेलो होतो. जाळी लागताच स्वारीनं कल्ल्यांमागचे काटे ताठ केले, ते जाळीत अडकले आणि चक्क करकर आवाज आला! काटा शिंगाळा माशासारखाच, हा तो खोबणीत घासून आवाज काढतो. शेवटी कात्रीनं जाळी कापली. तेव्हापासून मी त्याला प्लास्टिकच्या डब्यानं उचलतो.

याचं शास्त्रीय नाव सायनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस, म्हणजे काळ्या पोटाचा. माशांची पाठ सहसा गडद आणि पोट फिकं असतं. याचं पोटच गडद, कारण वर तेच असतं ना. घर कांगो नदीच्या खोऱ्यात. दिवसा बुडालेल्या फांद्यांखाली दडायचं, अंधार पडला की पानांच्या खालच्या अंगाचं शेवाळ नि किडे खरवडायचे. तोंड खालच्या बाजूला, त्यामुळे उताणं झालं की ते थेट पाण्याच्या पृष्ठभागाला भिडतं. वर पडलेले किडे आयते मिळतात आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर श्वासालाही तीच सोय. पिल्लं मात्र सुरुवातीचे काही आठवडे चारचौघांसारखी सरळ पोहतात! प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांच्या चित्रांतही याचे भाऊबंद उताणे पोहताना दिसतात.

खाणं लाइट बंद केल्यावरच टाका, नाहीतर बाकीचे मासे फस्त करतील आणि हा उपाशी राहील. एकटा ठेवू नका, तीन-चार असले की बुजत नाही. नाशिकच्या थंडीत हीटर हवाच, पाणी 24 अंशांच्या आसपास ठेवा. कल्ले हलत नसतील किंवा तोल जाऊन गरगर फिरत असेल, तरच काळजी करा.

गंगेत मात्र अजिबात सोडू नका. पालनासाठी आणलेला आफ्रिकन मांगूर मासा बंदी घालूनही आपल्या नद्यांतून निघता निघत नाही. नकोच असेल तर दुकानदाराला परत द्या. पण त्याआधी एका रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि सासऱ्यांना टँकसमोर खुर्ची टाकून बसवा.