जर्मनीला निघताय? आधी पासपोर्ट, मग व्हिसा

म्युनिकची नोकरी पक्की झाली, पासपोर्टला अजून दहा महिने आहेत, तर आधी ब्लू कार्डचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्याचा) व्हिसा काढून पासपोर्ट तिकडे रिन्यू केला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर तसं करू नका. व्हिसाची अपॉइंटमेंट नव्या पासपोर्टवरच घ्या.

जर्मनीत निवास परवाना साधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. ब्लू कार्ड ४ वर्षांपर्यंतचं मिळू शकतं, पण पासपोर्ट आधी संपत असेल तर कार्डही तिथेच संपतं. माझ्या एका सहकाऱ्याची नोकरी कायमची होती, पगारही नियमात बसत होता, तरी कार्डावर पासपोर्टचीच शेवटची तारीख छापून आली. मग भारतीय दूतावासाकडून नवा पासपोर्ट, परवाना कार्यालयात पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा फी. त्याच दिवसांत घरून फोन आला, तर लगेच निघता येत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

भारतात मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून री-इश्यूचा अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आजच करू शकता. ३६ पानी पुरे. ब्लू कार्ड हे वेगळं प्लास्टिकचं कार्ड असतं, ते पासपोर्टची पानं खात नाही. फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २०००.

खरी अडचण पत्त्याची. पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता आहे आणि तुम्ही पुण्यात भाड्याने राहता. अर्जात सध्याचा, म्हणजे पुण्याचाच पत्ता द्या आणि रजिस्टर्ड भाडेकरार जोडा. पोलीस चौकशी त्या पत्त्यावर होते. साताऱ्याचा दिलात आणि तिथे तुम्ही सापडला नाहीत, तर प्रतिकूल शेरा जाऊन पासपोर्ट अडकतो. चौकशी होईपर्यंत खोली सोडू नका.

नावाचंही बघून घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव त्याच रकान्यात असतं. तिकीट, करारपत्र, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे अगदी तसंच लिहा.

मुलीचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचाच असतो, त्याची तारीख आजच काढून बघा. तिच्या अर्जाला तुम्हा दोघांच्या सह्या लागतील.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यावरचा तुमचा अमेरिकेचा व्हिसा चालूच राहतो. अमेरिकेला जाताना दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा.