लेकीला काताझोमे शिकायचंय, पण यात पोट भरेल का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. लेक बारावी आर्ट्सला, जुन्या एक्सरे फिल्मवर कटरने नक्षी कापत रात्र रात्र बसते, काताझोमे, म्हणजे स्टेन्सिल आणि खळ वापरून कापड रंगवायची जपानी कला, शिकायला जपानला जायचं म्हणतेय, तिचे बाबा म्हणतात आधी बीएड कर, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये.

आधी तिला एवढंच विचारा, की तुला कापायला आवडतं, रंगवायला आवडतं की नक्षी काढायला? कारण जपानमध्ये पूर्वीपासून ही वेगवेगळ्या माणसांची कामं. मिए प्रांतात सुझुका शहर आहे, तिथल्या शिरोको भागात स्टेन्सिल कापणारे कारागीर, हातकागदाचे थर कच्च्या पर्सिमनच्या रसाने चिकटवायचे, धुरी देऊन टिकाऊ करायचे आणि त्यावर इतकी बारीक भोकं पाडायची की लांबून कापड प्लेनच वाटतं! रंगारी वेगळा, तो स्टेन्सिलवरून तांदळाच्या पिठाची आणि कोंड्याची खळ ओढतो. आपल्या रांगोळीच्या छाप्याच्या बरोब्बर उलटं, म्हणजे जिथे खळ बसली तिथे रंग लागत नाही. मग सोयाबीनच्या दुधाचा हात, मग ब्रशने रंग, आणि शेवटी पाण्यात धुतलं की खळ निघून नक्षी वर येते.

जपानी कलाकार केइसुके सेरिझावा (1895-1984) यांनी ही तिन्ही कामं स्वतःच्या हातात घेतली. जपानच्या ओकिनावा बेटांवरचं बिंगाता, म्हणजे तिथलं स्टेन्सिलने रंगवलेलं कापड बघून ते या कामाकडे वळले, 1956 मध्ये सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. बाबांना त्यांचं हे नक्की सांगा, की 1945 च्या बॉम्बहल्ल्यात टोकियोतलं घर जळालं आणि युद्धानंतर ते कागदावर स्टेन्सिलने कॅलेंडरं करायला लागले, शिवाय दाराचे पडदे, पुस्तकांची कव्हरं, म्हणजे लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूच. असंच एक कॅलेंडर बघून सामिरो युनोकी नावाचा म्युझियममधला तरुण त्यांचा शिष्य झाला. पुढे युनोकींनी स्टेन्सिल घेऊन प्रिंट, चित्रपुस्तकं, सगळीकडे मुशाफिरी केली, टोकियोच्या जोशिबी आर्ट युनिव्हर्सिटीत शिकवलं, 2024 मध्ये वयाच्या 101 व्या वर्षी गेले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण किमोनोचा खप खूप घटलाय, नुसतं स्टेन्सिल कापून पोट भरणं तिकडेही अवघड झालंय, पण ज्याला नक्षी स्वतःची सुचते त्याला कापड, कागद, भिंत सगळं मोकळं आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, तिला डिझायनर व्हायला शिकवा आणि स्टेन्सिल तिचं हत्यार असू दे.

बारावीनंतर लगेच जपान नको. आधी टेक्स्टाईल डिझाईनची डिग्री, अहमदाबादचं एनआयडी, निफ्ट किंवा मुंबईचं जेजे. फॉर्म बरेचदा बारावीच्या परीक्षेआधीच निघतात, त्यामुळे तारखा आत्ताच बघा. सुट्टीत तिला राजस्थानात बगरूला किंवा चित्तोडजवळच्या आकोल्याला दाबू ही कापडछपाई बघायला न्या, तिथे खळीऐवजी चिखल आणि डिंक लावून रंग अडवतात, तत्त्व तेच. तिथे हात बसला तर ती पुढे कुठेही गेली तरी कोरी जाणार नाही. बाबांना सांगा, या डिग्रीवर गिरण्या, एक्स्पोर्ट हाऊस, होम फर्निशिंगवाले कामावर घेतात, म्हणजे जपान नाही जमलं तरी लेक रिकामी बसणार नाही.

मग डिग्रीनंतर जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप, त्यात फी, महिन्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं, चौकशी मुंबईच्या जपानी वकिलातीत करा. क्योतो सिटी युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्समध्ये रंगाई-विणकाम शिकवतात, ओकिनावाच्या आर्ट युनिव्हर्सिटीत बिंगाताच्या जवळ राहून शिकता येतं. जपानी भाषा मात्र या वर्षीच सुरू करा, भाषेशिवाय तिथल्या उस्तादाचं बोलणं कळायचं नाही.

आणि एक्सरे फिल्मवरची तिची कापलेली नक्षी फेकू नका हां, तारीख टाकून फाईलला लावा. कॉलेजच्या इंटरव्ह्यूला तेच दाखवायचंय.