लस टोचायची की थोडं थांबायचं? – बालरोगतज्ज्ञांना विचारलेले प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात गोवर-रुबेलाच्या डोसविषयी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर ‘लस नको’ असा नव्हता, ‘भीती वाटते, काय करू’ असा होता. त्यातली काही पत्रं घेतो.

‘मुलगी सतरा महिन्यांची आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मी मुद्दाम लांबवतोय. चुलतभावाचा मुलगा या डोसाआधी ‘आई’, ‘दे’, ‘भूभू’ म्हणायचा. डोसानंतर दोन महिन्यांत बोलणं बंद झालं, पुढे ऑटिझमचं निदान झालं. वहिनी म्हणते, तुम्ही तरी देऊ नका. तिला खोटं कसं ठरवू?’ – एक वडील, पुणे

वहिनींना खोटं ठरवूच नका. त्यांनी जे पाहिलं ते खरंच घडलं. प्रश्न एवढाच, की कावळा बसला म्हणून फांदी मोडली का.

ऑटिझम असलेल्या काही मुलांत शब्द येऊन पुन्हा जातात आणि हे साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान होतं. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. म्हणजे लस असो वा नसो, ज्यांचं बोलणं जायचं त्यांचं याच वयात जातं, आणि त्यातल्या बहुतेकांना नुकताच कसला ना कसला डोस दिलेला असतो. एका घरात बसून हा गुंता सुटत नाही. त्यासाठी लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं शेजारी ठेवून मोजावी लागतात. डेन्मार्कमध्ये ती मोजली. १९९९ ते २०१० या काळात जन्मलेली साडेसहा लाखांहून जास्त मुलं, त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला: गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. सख्ख्या भावाबहिणीला ऑटिझम असलेल्या मुलांतही नाही. जपानने तर गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस १९९३ मध्ये बंदच केली. त्यानंतरही तिथं ऑटिझमची निदानं वाढतच राहिली.

ही शंका मुळात आली कुठून, तेही सांगतो. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा, ही एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा लेख आला. त्यात मुलं होती बारा. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे नंतर पत्रकार ब्रायन डीअर यांनी बाहेर काढलं. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. लेख गेला, अफवा मात्र आपल्या व्हॉट्सअॅपवर मुक्कामाला आली.

आणखी एक. चुलतभावाच्या मुलाला ‘लसीमुळे झालं’ असं म्हणत घरी बसवू नका. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का याची चौकशी करा आणि वाचा-उपचार लवकर सुरू होऊ देत. तुमच्या मुलीचा डोस या आठवड्यात द्या.

‘बाळ सहा आठवड्यांचं. बीसीजी दिलेल्या डाव्या दंडावर गाठ आली होती, आता पू आलाय. सासूबाई हळद लावायला सांगतात.’ – सोलापूर

हळद नको, मलम नको, शेक नको, दाबून पू काढणं तर नकोच. ही गाठ येणं, फुटणं, खपली धरणं आणि व्रण राहणं हा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, नेहमीचा प्रवास आहे. आंघोळ घाला, जागा कोरडी ठेवा. काखेत लिंबाएवढी गाठ आली तर मात्र दाखवा.

‘मोठ्याला सरकारी दवाखान्यातल्या पेंटाव्हॅलंटने रात्रभर ताप आला, मांडी दगडासारखी झाली. धाकट्याला खाजगीत ‘न दुखणारी’ लस घ्यावी का? की आधीच तापाचं औषध पाजून न्यावं?’ – सातारा

पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस. सरकारी आणि खाजगी लसींतला फरक तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात आहे. सरकारी लसीत त्या जंतूच्या मारलेल्या अख्ख्या पेशी असतात, महागड्या लसीत त्यातले निवडक तुकडे. तुकड्यांच्या लसीने ताप आणि सूज कमी येते हे खरं. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही तेवढंच खरं, आणि हे दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. परवडत असेल तर घ्या, त्यात गैर नाही. पण कर्ज काढून किंवा तारीख लांबवून घेण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या मुलांना मी सरकारीच दिली. दोघांनी मला रात्रभर जागवलं.

आधीच पॅरासिटामॉल पाजू नका. त्याने लसीचा प्रतिसाद थोडा कमी होतो असं दिसलंय. ताप आला, बाळ किरकिरलं, की द्या, आणि वजनावर द्या. इथे एक गफलत मी वारंवार पाहतो. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. ड्रॉप्सची बाटली संपली म्हणून तेवढंच सिरप, किंवा सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स, असं झालं की मात्रा पार चुकते. बाटली घेऊनच आरोग्यसेविकेला विचारा. बाळ सलग तीन तास थांबता थांबत नाही असं रडलं, झटका आला किंवा अंग ढिलं पडलं, तर घरी थांबू नका.

‘यवतमाळमध्ये पोलिओच्या थेंबांऐवजी मुलांना सॅनिटायझर पाजलं होतं. मग कोणत्या भरवशावर शिबिरात न्यायचं?’ – वर्धा

हे घडलं होतं. २०२१ च्या पल्स पोलिओत, जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, घाटंजी तालुक्यात बारा मुलांना. मुलं बरी झाली हे नशीब. लसीचा यात काही संबंध नाही असं म्हणून मी हात झटकणार नाही, कारण आईच्या दृष्टीने लस आणि लस देणारा हात वेगळा नसतो. पंजाबात मुल्कोवाल गावी १९०२ मध्ये प्लेगच्या लसीची एक बाटली दूषित निघाली आणि एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका आला, तो धुऊन निघायला काही वर्षं गेली. आज त्यांच्या नावाची संस्था परळला आहे.

तेव्हा भरवसा ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली आहे. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला तर ती वापरायची नाही. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवायची किंवा फेकायची. म्हणून ‘सिस्टर, कितीला फोडली?’ असं विचारा. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे. ती एकदा दाबली की अडकते, पुन्हा वापरता येत नाही. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. चांगली सिस्टर हे विचारल्यावर रागावत नाही.

‘आमच्या शाळेच्या वाडीत ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं परत आली की अर्धे डोस राहिलेले असतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात का?’ – शिक्षिका, बीड

नाही बाई, जिथे थांबले तिथून पुढे. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) सात वर्षांपर्यंत. कारखान्याच्या तळावरही डोस मिळतो, त्याला गावचा दाखला लागत नाही. कार्ड मात्र पिशवीत बरोबर हवं. कोयता न्यायला कोणी विसरत नाही, कार्ड विसरतात.

‘आम्ही आठ भावंडं. दोन लहानपणीच गेली, उरलेले सहा आजही ठणठणीत. गोवर सगळ्यांना आला, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, बरे झालो. नैसर्गिक प्रतिकारशक्ती पुरेशी असताना नातवाला सुया कशाला?’ – निवृत्त मुख्याध्यापक, अहिल्यानगर

सर, गोवराने येणारी प्रतिकारशक्ती पक्की असते, यात वाद नाही. पण ती गोवर सोसून मिळते. गोवराने न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, अ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळे जातात. गोवराचा विषाणू आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे बरं झालेलं मूल पुढे कितीतरी महिने दुसऱ्या आजारांना बळी पडतं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला तेव्हा लहान मुलं दगावली. नऊ महिन्यांची वाट न पाहता सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

नातवाला कडुनिंबाच्या पाल्यावर जरूर निजवा, आवडेल त्याला. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सहा जणांचं सगळं लिहिलंत. ती दोघं कशाने गेली, ते लिहिलेलं नाही. घरात कुणाला माहीत असेल तर विचारून पाहा.