मुलगी ९ वर्षांची आहे, मालवणला स्कूबा करू द्यावं का?

माझं मत विचाराल तर यंदा समुद्रात नको. पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार ८ वर्षांपासून ‘बबलमेकर’ (लहान मुलांना स्कूबाची पहिली ओळख) करता येतं, पण जास्तीत जास्त २ मीटर पाण्यात. ज्युनियर ओपन वॉटर हा प्रमाणपत्राचा कोर्स १० वर्षांपासून, आणि १०-११ वर्षांच्या मुलांना मर्यादा १२ मीटरची.

पण मी वयापेक्षा कान आधी बघेन. खाली जाताना पडद्यावर दाब येतो. नाक दाबून हलकेच फुंकत कान मोकळे करावे लागतात, तेही दुखायच्या आधी. हे घरी बसून शिकवता येतं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द, भरलेले पैसे बुडाले तरी. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं म्हणजे, दुखलं तर ती लगेच सांगते का? काही मुलं बाबांचा हिरमोड नको म्हणून गप्प सोसतात (माझा भाचा त्यातलाच). अशा मुलाला मी १२ व्या वर्षीही पाठवणार नाही. घाबरून श्वास रोखून वर आलं तर फुफ्फुसातली हवा फुगून इजा होते.

तोवर पूलमध्ये मास्क-स्नॉर्केल द्या. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर ती काय करते ते बघा.